‘ध’ चा ‘मा’ नक्की कुणी केला? आनंदीबाई, एक खून आणि एक वाक्प्रचार

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, बसमध्ये नेटवर्क जातं, किंवा जे ऑफिसात हळूच वाचतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या तोंडात रोज असतो. ग्रुपवर कुणी मेसेज अर्धाच फॉरवर्ड केला, नेत्याच्या भाषणाची क्लिप कापून फिरवली, सरकारी कागदावर आडनाव चुकलं, की आपण काय म्हणतो? ‘ध चा मा केला!’ वर्तमानपत्रांचे मथळे या शब्दांवर चालतात. आणि हे शब्द उच्चारले की एका बाईचा चेहरा समोर येतो. कपाळावर आडवी चिरी, हातात बोरू, डोळ्यांत कपट. आनंदीबाई पेशवे.

या बाईंबद्दल आपल्याला अजून काय माहीत आहे? माहेर कुठलं? मुलं किती? शेवट कुठे झाला? बहुतेकांची पाटी कोरी. एक माणूस, पन्नासेक वर्षांचं आयुष्य, आणि आपल्या हातात उरली फक्त दोन अक्षरं. असं कसं झालं, तेच आज बघू.

आधी घडलं काय ते

तारीख, ३० ऑगस्ट १७७३. पुणे, शनिवारवाडा. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली. वेळ दुपारची. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेशवे होते नारायणराव. वय अठरा, नुकतंच पूर्ण झालेलं. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचं पहिलं मतदानही त्या वयात झालेलं नसतं. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि या पोराच्या डोक्यावर पेशवाईची पगडी आली. वर्षही झालं नव्हतं.

त्याच वाड्यात काका रघुनाथराव नजरकैदेत होते. तेच आपले राघोबादादा. आणि वाड्याच्या पहाऱ्यावर होते गारदी, म्हणजे पगारी, कवायती पायदळ. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ हे त्यांचे म्होरके. त्या दुपारी गारदी पगाराच्या मागणीचं निमित्त करून आत घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेला, त्यांना बिलगला. तिथेच त्याला मारलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडला, तोही गेला. त्या अर्ध्या तासात वाड्यात नारायणराव धरून अकरा माणसं मारली गेली. त्यात दोन दासी होत्या. त्यांची नावं कुणाला पाठ नाहीत.

चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी केली. खुद्द रघुनाथरावांना त्यांनी दोषी धरलं, आणि अशा माणसाच्या राज्यात न्याय द्यायला बसणार नाही म्हणून पुणं सोडलं.

इथपर्यंत इतिहास. आता गोष्ट.

गोष्ट काय सांगते?

गोष्ट अशी की रघुनाथरावांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता, ‘नारायणरावास धरावे’. म्हणजे पकडा, कैद करा. तो कागद आनंदीबाईंच्या हाती आला. त्यांनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला. ‘धरावे’चं झालं ‘मारावे’. बस्स. एका अक्षराने पेशवा मेला.

मानलं पाहिजे, काय जबरदस्त गोष्ट आहे! छोटी, चटपटीत, दहा सेकंदांत सांगून होते. आजच्या भाषेत सांगायचं तर एकदम रील मटेरियल.

पण तो कागद कुठे आहे?

पेशव्यांच्या दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. मोडीत लिहिलेले. कुणाला किती तांदूळ दिला, कुठल्या घोड्याला किती दाणा लागला, इतकं बारीक सगळं सापडतं. पण ज्या कागदावर हा वाक्प्रचार उभा आहे, तो मूळ कागद आज कुणीही दाखवू शकत नाही.

मग ही गोष्ट छापली गेली कधी? ज्या पुस्तकाने ती जगभर नेली, ते ग्रँट डफचं, मराठ्यांच्या इतिहासावरचं. डफ हा साताऱ्याला रेसिडेंट असलेला इंग्रज अधिकारी. त्याचं पुस्तक आलं १८२६ साली. खून १७७३ चा. गणित करा, त्रेपन्न वर्षं! हा डफ काय लिहितो, तर रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला, त्यात शब्द बदललेला दिसला, आणि तो आनंदीबाईंनी बदलला असा सगळ्यांचा समज आहे.

परत वाचा. ‘असा सगळ्यांचा समज आहे.’ बाईंनीच बदलल्याचा पुरावा तो देत नाही, लोकांचं मत नोंदवतो. डफच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत झालं, पुढच्या लिहिणाऱ्यांनी त्यातून घेतलं, आणि त्या प्रवासात ‘असा समज आहे’ हे तीन शब्द कुठेतरी गळून पडले. उरलं फक्त ‘आनंदीबाईंनी ध चा मा केला’.

खरं सांगायचं तर अक्षर बदलल्याचा सगळ्यात पक्का नमुना हाच. ‘म्हणतात’चं ‘आहे’ झालं. आणि ते आनंदीबाईंनी केलेलं नाही, नंतरच्यांनी केलंय. आपणही त्यात आलो.

ही गोष्ट खरी मानली तर सुटतं कोण?

आता जरा गुप्तहेरासारखा विचार करू. कुठलीही गोष्ट ऐकली की विचारायचं, याने कुणाचा फायदा होतो?

रघुनाथरावांचं म्हणणं काय होतं? ‘मी फक्त पकडायला सांगितलं होतं.’ आता ‘ध चा मा’ या म्हणण्याशी ताडून बघा. अगदी चपखल बसतो! काका वाईट नव्हता, मोहात पडला. हुकूम त्याचा, पण खून त्याचा नाही. खून कुणाचा? बायकोचा. म्हणजे बघा, जी गोष्ट आपण खुनाचं रहस्य म्हणून सांगतो, ती खरं तर मुख्य आरोपीचा बचाव आहे.

आणि हा बचाव टिकतो का? खुनानंतर रघुनाथरावांनी काय केलं ते पाहा. पुतण्याच्या खुनाबद्दल गारद्यांना तिथल्या तिथे शिक्षा केली? नाही. उलट त्यांच्याशी पैशांची बोलणी झाली. राघोबांनी स्वतः पेशवाईची वस्त्रं घेतली. फक्त ‘धरावे’ लिहिणारा माणूस ‘मारावे’ झाल्यावर असा वागेल का?

बरं, भांडण काही त्या दुपारी सुरू झालेलं नव्हतं. रघुनाथराव थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव. त्यांच्या मोहिमेत मराठे १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोहोचले. पानिपतानंतर नानासाहेब गेले आणि पेशवाई त्यांच्या कोवळ्या मुलाकडे, माधवरावाकडे गेली. काकाला ते कधीच पचलं नाही. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्यांची उघड लढाई झाली. १७६८ मध्ये धोडपला पुन्हा, आणि त्यानंतर राघोबा शनिवारवाड्यात कैद. म्हणजे दहा-बारा वर्षं धुमसत असलेला गादीचा वाद. एवढं सगळं समोर असताना खुनाचं कारण म्हणून बायकोच्या हातातलं अक्षर शोधायची गरज का पडते?

थांबा, लगेच ‘आनंदीबाई निर्दोष होत्या’ असं स्टेटस टाकू नका. मी तसं म्हणत नाहीये. त्या नवऱ्याच्या राजकारणात होत्या, महत्त्वाकांक्षी होत्या, आणि कटात त्यांचा हात असल्याचा संशय जुना आहे. कट त्यांना ठाऊक असेलही. पण संशय वेगळा आणि कागदावर अक्षर बदलल्याचा आरोप वेगळा. कोर्टात दोन्ही एकच मानले, तर तुमची-माझी काही खैर नाही.

बोरू हातात असलेली बाई

इथे एक गोष्ट मला फार बोचते. या कथेत गुन्ह्याचं हत्यार काय आहे? तलवार नाही, विष नाही. लिहिता येणं!

ज्या काळात बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात पेशव्यांच्या घरातल्या काही बायका लिहीत-वाचत होत्या. गोपिकाबाईंनी, म्हणजे नारायणरावांच्या आईंनी, पुढे नातू सवाई माधवरावाला वागावं कसं हे सांगणारं लेखी मार्गदर्शन केलं. आनंदीबाईंचीही पत्रं आहेत. आणि पुढच्या पिढ्यांनी या बाईला कशासाठी लक्षात ठेवलं? तिने लेखणी उचलली आणि घात झाला म्हणून. एकोणिसाव्या शतकात ‘बायका शिकल्या तर काय होईल’ याची भीती घालणारे लोक होते, हे आपण सावित्रीबाईंच्या गोष्टीत ऐकतो. त्या हवेत ही कथा किती सहज रुजली असेल, विचार करा.

त्यात अजून एक भर. आनंदीबाईंचा मुलगा कोण? दुसरा बाजीराव, शेवटचा पेशवा. १८१८ मध्ये राज्य त्याच्या काळात गेलं. डफ साताऱ्यात बसून माहिती गोळा करत होता तो नेमका त्यानंतरच्या वर्षांत, लोकांचा बाजीरावावरचा राग ताजा असताना. मुलाने राज्य घालवलं, मग आईने घर बुडवलं असणारच! असं जोडायला माणसाच्या मनाला कितीसा वेळ लागतो?

मग नाटक-सिनेमावाले आले

आता आपल्या आवडीचा भाग. १९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नाटक आलं. राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री, तिघं रंगमंचावर समोरासमोर. १९१५ मध्ये एस. एन. पाटणकरांनी नारायणरावांच्या मृत्यूवर सिनेमा काढला. मूकपट! म्हणजे ज्या कथेची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे एक किंकाळी, तिचा पहिला सिनेमा बिनआवाजाचा. १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई. ललिता पवारांना पुढे सगळा देश खाष्ट सासू म्हणून ओळखू लागला. मग आनंदीबाईंचा चेहरा आपल्या डोक्यात कसा ठसला, हे वेगळं सांगायला नको.

नाटक-सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. त्यांची अडचण समजून घ्या. गादीच्या वारसाचा दहा वर्षांचा वाद स्टेजवर कसा दाखवणार? आळेगाव, धोडप, करार, वाटाघाटी... प्रेक्षक मध्यंतरात घरी जातील. पण समई, दौत, बोरू, एक कागद आणि एक बाई, हा प्रवेश कुणीही लिहील आणि टाळ्या घेईल. शिवाय रामशास्त्र्यांसारखा धुतल्या तांदळासारखा नायक असला की समोर तितकीच काळी खलनायिका लागते. आणि राघोबा? तो मधल्या मध्ये ‘बिचारा, बायकोच्या आहारी गेलेला’ होतो. पुन्हा सुटला!

२०१४ मध्ये ‘रमा माधव’ आला. ती गोष्ट माधवराव-रमाबाईंची, खुनाच्या आधीची. तरी आनंदीबाई पडद्यावर आल्या की प्रेक्षकाला पुढचं सगळं ठाऊक असतं. त्यांनी नुसतं वळून बघितलं तरी आपण म्हणतो, ‘बघ, हिच्या डोक्यात काय शिजतंय!’ माणूस आधीच दोषी ठरलेला असला की त्याचं हसणंही पुरावा होतं.

आणि आता आपला जमाना. यूट्यूबवर ‘शनिवारवाडा’ टाइप करा. काळोख, धूर, ‘काका, मला वाचवा’ची किंकाळी, रात्री बाराचे ठोके. आठवतंय ना, वेळ लक्षात ठेवा म्हटलं होतं? खून झाला भर दुपारी. पण भुताला दुपार चालत नाही, म्हणून गोष्ट रात्रीत गेली. आणि ज्या दालनांतून तो पोरगा धावला, ती दालनं आज नाहीतच. १८२८ च्या आगीत वाड्याचा बहुतेक आतला भाग जळाला. आपण आज बघतो ते तट, दरवाजे आणि जोती. तिथेच एक नारायण दरवाजा आहे, त्याचा देह ज्या वाटेने बाहेर नेला त्या वाटेवरचा. मला विचाराल तर सगळ्या भुतांच्या व्हिडिओंपेक्षा त्या दरवाजाचं नुसतं नाव जास्त अंगावर येतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत ‘भाकरी नसेल तर केक खा’ म्हणाली, हे जगभर सांगतात. तशी गोष्ट रूसोने एका बिननावाच्या राजकन्येबद्दल लिहिली, तेव्हा मारी ऑस्ट्रियात राहणारी लहान मुलगी होती. बदनाम माणूस खुंटीसारखा असतो. कुणाचाही सदरा त्याच्यावर अडकवता येतो.

जो कागद खरंच आहे, त्याचं काय?

आता आजच्या भागातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

खुनानंतर कारभाऱ्यांनी राघोबाविरुद्ध एकजूट केली, तेच बारभाई. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि राघोबांचा दावा खलास झाला. मग राघोबा गेले इंग्रजांकडे. ६ मार्च १७७५ ला सुरतेला करार झाला. इंग्रजांनी फौज द्यायची, आणि बदल्यात राघोबांनी साष्टी आणि वसई द्यायची.

वसई! जी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकली. चिमाजी अप्पा म्हणजे राघोबांचे सख्खे काका. एका काकाने जिंकलेलं पुतण्याने कागदावर देऊन टाकलं. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. वसई परत मिळाली, पण साष्टी गेली ती गेलीच. साष्टी म्हणजे काय? आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, ठाणे! लोकलने जाताना खिडकीतून जे दिसतं, ते.

हा कागद कल्पनेतला नाही. त्यातली कलमं, तारीख, सगळं माहीत आहे. पण यावर मराठीत एखादा वाक्प्रचार आहे? ‘सुरतेचा करार केला’ असं कुणी कुणाला म्हणतं? नाही. जो कागद आहे तो विसरलो, आणि जो कुणालाच दाखवता येत नाही तो तोंडपाठ आहे.

म्हणून मला हा विषय नुसता ‘एका बाईवर अन्याय झाला’ एवढाच वाटत नाही. तो झालाच. पण दंतकथेने आपलंही नुकसान केलंय. एक बाई, एक अक्षर, एक खून असं उत्तर मिळालं की आपण पुढचे प्रश्नच विचारत नाही. वाड्याच्या पहाऱ्यावरच्या फौजेचा कुणी असा वापर कसा करू शकतं? गादीचा वारस ठरवायची पक्की पद्धत का नव्हती? घरातलं भांडण परक्या सत्तेच्या दारात कसं गेलं? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही काळात कामाची असतात. ‘बाई वाईट होती’ हे उत्तर कुठल्याच काळात कामाचं नाही.

आणि त्यांचं पुढे काय झालं?

आनंदीबाई मूळच्या गुहागरकडच्या, ओकांच्या घरातल्या. राघोबा पळापळीत असताना १७७५ च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात त्यांनी बाजीरावाला जन्म दिला. राघोबा १७८३ च्या अखेरीस कोपरगावला वारले. तेव्हा त्या पुन्हा गरोदर होत्या. चिमाजी जन्मला तो वडील गेल्यावर. त्यानंतरची दहा वर्षं मुलांसह पहाऱ्यात गेली, आधी कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली. १७९४ मध्ये तिथेच त्या गेल्या. मुलगा पेशवा झालेला त्यांनी पाहिला नाही. नाशिककरांनो, तुमची आनंदवल्ली ती हीच.

जाता जाता तीन प्रश्न देतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. इतिहासाची कुठलीही चमचमीत गोष्ट फोनवर आली की विचारा. एक, मूळ कागद कुठे आहे? दोन, ही गोष्ट पहिल्यांदा कुणी लिहिली, आणि घटनेनंतर किती वर्षांनी? तीन, ही खरी मानली तर कोण सुटतं? तीनही उत्तरं मिळाल्याशिवाय फॉरवर्डचं बटण दाबायचं नाही.

आणि हो, ‘ध चा मा’ म्हणणं सोडा, असं मी सांगणार नाही. वाक्प्रचार झकास आहे, तो राहू द्या. फक्त पुढच्या वेळी कुणी म्हटलं की हळूच विचारा, ‘कागद पाहिलास का रे?’

तुमच्या गावात अशी कुणी बदनाम व्यक्ती आहे का, जिची फक्त एकच गोष्ट सगळ्यांना माहीत आहे? मला लिहून कळवा. चांगली गोष्ट असेल, तर आपण मिळून तिचा कागद शोधू. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं तपासत राहा!